आपल्याला म्हणजे कोणाला?

मंगळवार, रात्रीचे साडेअकरा

आज समुपदेशनाच्या मॅडमसोबत फोनवरचं सहावं सेशन होतं. नेहमीसारखी गच्चीवर गेले, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसले, मोबाइल विटेला टेकवला. रेंज तिथंच बरी येते. पन्नास मिनिटांतली चाळीस नीट गेली. मग मॅडमनी मला मधेच थांबवलं. म्हणाल्या, "तुम्ही मघापासून 'आपल्याला झोप लागत नाही', 'आपल्याला करमत नाही' म्हणताय. हे आपल्याला म्हणजे नेमकं कोणाला?"

"आमच्याकडं तसंच बोलतात मॅडम," मी म्हणाले. त्याही "बरं" म्हणाल्या. पुढच्या वेळेपर्यंत वहीत एक पान लिहायचं, प्रत्येक वाक्य 'मला'नं सुरू करायचं, एवढं सांगून त्यांनी सेशन संपवलं.

तेव्हापासून मी चिडलेली आहे. स्वयंपाक करताना चिडलेली, भांडी घासताना चिडलेली. त्या पुण्याच्या, त्यांना काय माहीत? आमच्याकडं माणूस 'आपल्याला नाही जमत' म्हणतो, 'आपलं काय, चाललंय' म्हणतो. मी-मी करणाऱ्याला आमची आजी लगेच गप्प बसवायची. जन्मभर ज्या तोंडानं बोलले त्या बोलण्यातच खोट निघाली. झोप गेली, जेवण गेलं, आता भाषाही चुकलीच का माझी?

खरं तर त्यांनी चुकलं असं म्हटलंच नव्हतं. नुसतं विचारलं होतं.

तरी ते मनातून जात नाही. आणि मॅडम वाईट नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळं स्पष्ट सांगितलं होतं: तुम्ही बोलाल ते माझ्यापाशीच राहील, फक्त तुमच्या किंवा कुणाच्या जिवाला धोका दिसला तर मला गप्प बसता येणार नाही. मी गोळ्या देत नाही, गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडं जायला सांगेन. जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का, हेही सरळ विचारलं होतं. त्या प्रश्नानं मी दचकले होते, पण बरंही वाटलं होतं. इतकं सरळ कुणी विचारलंच नव्हतं. आमच्या डॉक्टरांनी थायरॉइड, बी-बारा, साखर सगळं तपासून "रिपोर्ट नॉर्मल आहेत ताई, टेन्शन घेऊ नका" म्हणून सोडलं होतं.

त्याआधी एका रात्री 14416 लावला होता. टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीचा सरकारचा फोन, पैसे लागत नाहीत, रात्री-बेरात्रीही लागतो. दोनदा रिंग वाजायच्या आत कट केला. तिसऱ्यांदा एक मुलगी मराठीत बोलली. मी काय बोलले आठवत नाही, तिनं घाई केली नाही एवढं आठवतं. हे सेशनचं मग लेकीनं जमवून दिलं, तिच्या हॉस्टेलवरून.

लेक. सगळे म्हणतात, लेक गेली म्हणून हिचं असं झालंय. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगतात. हे पण तेच म्हणतात, आणि मग दोन दिवस सुट्टी काढून तिला भेटून येऊ म्हणतात.

दोन वर्षं आम्ही मायलेकी लातूरला राहिलो. ट्यूशन एरियात एक खोली, त्यातच ओटा, बाहेर सामाईक नळ. त्या गल्लीत सगळ्या आमच्यासारख्याच होत्या: परभणीची, वसमतची, उदगीरची, प्रत्येकीचं एक लेकरू डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेला बसलेलं आणि घर मागं राहिलेलं. लेक पहाटे चारला उठायची, मी पावणेचारला. अद्रक ठेचून, पत्ती जरा जास्त टाकून चहा करायचे. दोन कप. तिचा अर्धा तसाच गार व्हायचा, मी माझा उंबऱ्यात बसून प्यायचे. गल्लीत तेव्हा एकेक खिडकी उजळायची. कुकरची शिट्टी अजून सुरू झालेली नसायची. दर टेस्टला 720 पैकी किती पडले, याच्यावर आमचा आठवडा चालायचा. त्रास होता. खूप होता. मी रडलेही आहे तिथं.

आता अंबाजोगाईला परत येऊन चार महिने झाले. धाकट्या जावेनं दोन वर्षं घर नीट सांभाळलं, तिला नाव ठेवायला जागा नाही. फक्त डबे हललेत. येसराचा डबा मी अजून खालच्या फळीवर शोधते, तो आता वरती असतो, लाल झाकणाच्या बरणीमागं. रोज हात आधी खालीच जातो. आज संध्याकाळीही गेला. जाऊ म्हणाली, "काय शोधायलाव ताई? मला सांगा की." मग भाजी काय करू विचारलं, तर माझ्या तोंडून आलंच: "आपल्याला काही बी चालतं."

आणि मी तिथंच थांबले, हातात पळी घेऊन.

1993 च्या भूकंपाची ती पहाट आठवली. मी सहावीत होते. गाव आमचं किल्लारीपासून लांब नव्हतं. गणपती बोळवून सगळे उशिरा झोपलेले. पुढं कितीतरी रात्री अंगणातच निजलो. आजी रोज रात्री आमच्या डोक्यावरून हात फिरवत मोजायची आणि म्हणायची, "आपण हावोत ना, बास." तेव्हा मला कशाची तरी खूप भीती वाटायची, पण आजूबाजूला काय चाललं होतं ते पाहून कुणाला सांगायची...

राहू दे. हे मॅडमना कधीतरी सांगेन. आज नाही.

मघाशी वही घेऊन बसले. हे झोपलेत. पहिलं वाक्य लिहायला अर्धा तास गेला, तेही "मला राग आला" असं, मॅडमवरच. दुसरं लिहिलं, "मला अद्रकाचा चहा लागतो." इथं सगळ्यांचा चहा एकाच पातेल्यात होतो, सासूबाईंना अद्रकानं जळजळ होते, म्हणून चार महिने मी बिनअद्रकाचा पितेय. कुणी मनाई केलेली नाही. मी मागितलाच नाही.

तिसरं वाक्य लिहून खोडलं. परत लिहिलं.

"मला लेकीची आठवण येते, पण मला ती खोली जास्त आठवते."

हे वाचून हात गार पडले. आईनं असं लिहावं का? लेक तिकडं एकटी, पहिलं वर्ष, मेसचं जेवण, आणि माझं मन तिच्याऐवजी एका भाड्याच्या खोलीच्या उंबऱ्यात. 'आपल्याला करमत नाही' म्हटलं तेव्हा हे त्याच्या आत कुठं होतं, मला दिसलंच नाही. सगळे लेकीचं नाव घ्यायचे आणि मीही मान डोलवायचे.

पान खोडलं नाही. पुढच्या मंगळवारी वाचून दाखवेन की नाही, ठरवलेलं नाही. मॅडमवरचा राग मात्र आता सापडत नाही. मघापासून शोधतेय.

आजीसारखं 'आपण' मी म्हणतच राहणार, ते सुटायचं नाही आणि सोडायचंही नाही. सासूबाईंशी, जावेशी, गल्लीत तेच. वहीत मात्र 'मला'.

चौथं वाक्य आत्ता लिहिलं: मला उद्या मंडईतून अद्रक आणायचंय, आणि छोटं पातेलं कुठं ठेवलंय ते जावेला विचारायचंय.