हिरवा पडलेला फ्लास्क

आरेतल्या पाड्यावरच्या एक मावशी आमच्या गोरेगावच्या सोसायटीच्या गेटशी भाजी घेऊन बसतात. झाडाखालच्या मातीत कर्ब (कार्बन) जास्त साठतो का ते बघायला दिवाळीनंतर त्यांच्याकडून मी तीन पिशव्या माती आणली. एक उघड्या भाजीच्या वाफ्यातली, दुसरी बांधावरच्या फणसाखालची (तिथे त्या हळद लावतात), तिसरी म्हशींसाठी वाढवलेल्या पॅराग्रासखालची.

"कुंडीला का, भाऊ?"

"नाही मावशी, ॲसिडात जाळून बघायचीय."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि मुळ्याची जुडी फुकट दिली.

मी कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असिस्टंट. मातीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजक्या पाल्या-मुळांतून आलेला कार्बन, मोजायची वॉक्ली-ब्लॅक पद्धत १९३४ची. एक ग्रॅम माती, १० मिली नारिंगी डायक्रोमेट, २० मिली सल्फ्युरिक ॲसिड, मग अर्धा तास गप्प बसायचं. डायक्रोमेट कर्ब जाळतं; उरलेलं किती ते ब्युरेटमधून (खुणांच्या नळीतून) दुसरं द्रावण थेंबथेंब सोडून मोजायचं, हेच टायट्रेशन. कर्ब जास्त तेवढं डायक्रोमेट जास्त खर्ची पडतं, म्हणून ब्युरेटचं रीडिंग कमी येतं. मुलं दरवर्षी इथेच उलटं लिहितात.

फणसाखालच्या मातीवर टायट्रेशनची वेळच आली नाही. फ्लास्क आपणहून हिरवा पडला, डायक्रोमेट संपलं! अर्धा ग्रॅम घेऊन पुन्हा केलं.

मी खूश. पण गवताखालची मातीही फणसाच्या फार मागे नव्हती. मागे पडला तो उघडा वाफा. नवल नाही म्हणा. गवताची मुळंही मरतात, कुजतात, आणि तिथे कुदळ चालत नाही. नांगरत्या रानात झाडं आली की पाचोळा, बारीक मुळं, सावली यांनी कर्ब वाढतो. कुरणात झाडं लावून तेवढा फरक पडेलच असं नाही. जंगल तोडून बाग केली तर बहुतेकदा घटतोच.

कर्जतकडे माझ्या आजोळी ऐनाच्या फांद्या उतरवून राब भाजायचे, म्हणजे भाताची रोपं टाकायच्या जागेवर त्या जाळायचे. झाडाने हवेतून घेतलेला कर्ब धूर होऊन परत हवेत, मातीला राख. भाताची रोपं मात्र झकास यायची.

माझी चूक ही, की मी वीतभरच खणलं. वरच्या थरातला अर्धकुजका पाला दोन-चार वर्षांत उडूनही जाईल. झाड मुळांनी खाली काय ठेवतं ते बघायला हवं होतं. परवा मावशींना विचारलं, हातभर खोल खणू का?

"खाली मुरूम लागंल. हळद निघू दे आधी. आन् फणसाचं मूळ तोडलंस तर बघ."