तुम्ही विचारलंत म्हणून : आधी बंदूक की आधी कान?

दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार गेल्या महिन्यात त्यांच्या आईला कर्णयंत्र बसवायला माझ्याकडे आले होते. यंत्र लागलं, आजींना फोनवर नातवाचा आवाज नीट ऐकू आला, त्यांचे डोळे भरून आले. सगळे निघाले आणि हे गृहस्थ दारात थांबले. "मॅडम, एक विचारू का? मळ्यातल्या घरी परवान्याची बारा बोअर बंदूक आहे. उद्या रात्री कोणी घुसलंच, तर आधी बंदूक उचलायची का आधी कान झाकायचे?"

नाशिकमध्ये हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय. वस्तीवर राहणारे शेतकरी विचारतात, बँकेच्या दारात डबल बॅरल घेऊन उभे राहणारे माजी सैनिक विचारतात. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, कान तपासते. बंदुकीतली जाणकार नाही. पण याचं उत्तर मला दवाखान्यात मिळालेलं नाही. ते मला नऊ वर्षांची असताना, निफाड तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर मिळालं.

१९९६ चा मार्च होता. द्राक्षाची काढणी चालू होती, व्यापाऱ्याचे पैसे घरात होते आणि ते घरात आहेत हे गावाला माहीत होतं. त्या हंगामात आजूबाजूच्या दोन वस्त्यांवर दरोडे पडले होते. आमचं घर नवं, स्लॅबचं. मधली खोली बारा बाय बाराची, भिंतींना सिमेंटचा गिलावा, खाली शहाबादी फरशी. रात्री कुत्री वेड्यासारखी भुंकायला लागली. मग पडवीच्या दाराला कोणीतरी खांदा लावला. अण्णांनी कपाटातून बंदूक काढली, दोन काडतुसं घातली आणि मधल्या खोलीच्या खिडकीच्या गजांतून आभाळाकडे एक बार काढला. नळीचं तोंड जेमतेम गजांबाहेर होतं. आम्ही चौघं त्यांच्या मागे भिंतीला चिकटून उभे होतो: आई, आजी, मी आणि आईच्या कडेवर चार वर्षांचा भाऊ.

आवाज मला आठवत नाही. छातीवर कोणीतरी फळी मारल्यासारखं वाटलं ते आठवतं. त्यानंतर आईचं तोंड हलताना दिसत होतं आणि शब्द येत नव्हते. भाऊ रडत होता, तोही नुसता दिसत होता. अण्णा खिडकीशी उभे राहून कान देत होते, माणसं पळाली की दाराशीच आहेत ते बघायला, आणि त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. ती पाच-दहा मिनिटं आठवली की मला आजही धस्स होतं. हातात बंदूक, नळीत दुसरं काडतूस, आणि घरातलं कोणीही अंधारात काय हलतंय ते ऐकू शकत नाही. त्या वेळी पडवीतून आमचा सालगडी "अण्णा, मी आहे" म्हणून ओरडत आला असता, तरी अण्णांना ते कळलं नसतं.

माणसं पळाली होती. सकाळी आजीनं सगळ्यांच्या कानांत लसणाचं कोमट तेल घातलं. माझे दडे दोन दिवसांत सुटले. अण्णांच्या डाव्या कानात मात्र त्या रात्रीपासून रातकिडा ओरडतोय. आजही ओरडतो. उशीवर डोकं ठेवलं की जास्त. आता ते पंचाहत्तरीला आलेत आणि कोणी बोललं की उजवा कान पुढे करून विचारतात, "काय म्हणू राहिली?" मला स्वतःचं कळलं ते कॉलेजात. आम्ही मुली सरावासाठी एकमेकींचे ऑडिओग्राम, म्हणजे कुठल्या पट्टीचं किती ऐकू येतं त्याचे आलेख, काढत होतो. माझ्या आलेखात ४००० हर्ट्झला, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजांपाशी, खड्डा निघाला. मैत्रिणीनं विचारलं, "तू कुठल्या कारखान्यात काम केलंस का गं?"

हा खड्डा मोठ्या आवाजाची खूण असतो. कानाच्या आत शंखासारखी वळलेली नळी आहे, तिच्यात केसांसारखं टोक असलेल्या सूक्ष्म पेशींच्या रांगा असतात, एका कानात साधारण १५,०००. जन्माला येताना मिळतात तेवढ्याच. खरड छाटणीनंतर द्राक्षाचा वेल पुन्हा फुटतो, तसं इथे होत नाही. कोंबडीच्या कानात या पेशी परत उगवतात, माणसाच्या उगवत नाहीत. उंच पट्टीच्या पेशी आधी जातात, म्हणून स, श, फ, थ अशी व्यंजनं निसटायला लागतात. असा माणूस सांगतो की ऐकू येतं, पण समजत नाही. घरचे म्हणतात, लक्ष देत नाही.

आता आकडे. कारखान्यातल्या सलग आवाजाचं नुकसान तासांच्या आणि वर्षांच्या हिशेबानं होतं: ८५ डेसिबलला आठ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, हा जगभर वापरला जाणारा सावध हिशेब. क्षणिक स्फोटाला हा हिशेब लागू होत नाही. तिथे १४० डेसिबलच्या शिखरावर मोठ्या माणसाच्या कानाला एकदाही उघडं ठेवू नये असं धरतात, आणि मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं ती रेघ १२० वर ओढली आहे. बारा बोअरचा बार चालवणाऱ्याच्या कानापाशी साधारण १५० ते १६५ असतो. पिस्तुलाचा त्याच घरातला, कारण नळी आखूड आणि तोंड जवळ. डेसिबलची मोजणी शिडीसारखी सरळ नाही, दर २० ला हवेचा दाब दहापट होतो. फटाक्याला आपल्याकडे मर्यादा आहे ती ४ मीटरवर १२५ डेसिबल, किंवा क्षणिक शिखर मोजलं तर १४५. बंदुकीचं तोंड कानापासून ४ मीटर नसतं, जेमतेम मीटरभर असतं.

आणि ते सगळं उघड्या शिवारातलं. खोलीत आवाज बाहेर जायला वाट नसते. गिलाव्याची भिंत, फरशी, स्लॅब तो परत कानावर फेकतात, एकदा नाही, अनेकदा. आमचं जुनं घर मातीच्या भिंतींचं आणि लाकडी माळ्याचं होतं, त्यानं थोडं तरी गिळलं असतं. आताच्या टाइल्सच्या घरात काहीच गिळलं जात नाही. कानाचं स्वतःचं एक संरक्षण आहे, मधल्या कानातला इवलासा स्नायू मोठ्या आवाजाला आखडतो. पण त्याला आखडायला सेकंदाचे काही शतांश लागतात, आणि बंदुकीच्या आवाजाचा कळस एक-दोन मिलिसेकंदांत होऊन गेलेला असतो.

अण्णांचा डावाच कान का गेला, हे मला नाशिकरोडला राहणाऱ्या, तोफखान्यातून निवृत्त झालेल्या एका सुभेदारसाहेबांनी समजावलं. देवळालीच्या रेंजवर सराव चालू असला की आमच्या दवाखान्याच्या काचा हलक्याशा थरथरतात. असाच एक आवाज आला, तसे ते म्हणाले, "बाई, दस्ता उजव्या खांद्याला, मान झुकलेली. उजवा कान डोक्याच्या आडोशाला जातो, डावा कान नळीकडे उघडा राहतो." पुढे पुस्तकात तेच वाचलं. आता कोणाचा डावा कान उजव्यापेक्षा खराब निघाला, की मी आधी विचारते, तुम्ही बंदूक चालवता का?

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. कोणी अंगावर आलंच असेल, तर कानाचा विचार करू नका. जीव गेल्यावर कान घेऊन काय करायचं. पण मला भेटलेल्या लोकांच्या हकिकती ऐकल्या तर एवढा थोडा वेळ क्वचितच असतो. आधी कुत्रं भुंकतं, कडी वाजते, दाराला खांदा लागतो. आमच्याकडे कुत्री भुंकायला लागल्यापासून बार निघेपर्यंत दोन-तीन मिनिटं सहज गेली होती. तेवढ्यात पाचही जणांच्या कानांवर काहीतरी चढलं असतं. आमच्याकडे चढवायला काही नव्हतं, आणि तसं काही असतं हे माहीतही नव्हतं.

रात्रीसाठी इअरमफ ठेवा, डोक्यावरून घालून दोन्ही कान झाकायचे. फोमचे बोळे चांगले असतात, पण ते नीट बसवायला वेळ लागतो: बारीक वळायचा, दुसऱ्या हातानं कानाची पाळी वर-मागे ओढायची, आत सरकवून तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोट ठेवायचं. अंधारात, थरथरत्या हातांनी हे होणार नाही. अर्धवट खोचलेला बोळा म्हणजे उघडा कान. मफ दोन सेकंदांत बसतो. सातपूर-अंबडला कारखान्यांना सेफ्टीचं सामान देणाऱ्या दुकानांत साधे मफ मिळतात. खोक्यावर किती डेसिबल कमी होतात ते लिहिलेलं असतं. तो प्रयोगशाळेतला आकडा आहे, प्रत्यक्षात बराच कमी मिळतो. केस, पदर, चष्म्याची दांडी मध्ये आली की आणखी घटतो.

त्यातही बंदूकवाल्यासाठी मी इलेक्ट्रॉनिक मफ सांगते. त्याला बाहेरून छोटे मायक्रोफोन असतात. पावलांचा, कुजबुजीचा आवाज ते आत मोठा करून देतात, आणि ८०-८५ डेसिबलच्या वरचं काही आलं की आत सोडत नाहीत. म्हणजे अण्णांना त्या रात्री जे हवं होतं तेच: बार निघाल्यावरही दाराशी कोण आहे ते ऐकू येणं. काही हजार रुपये जातात. सेल दर दिवाळीला बदला. सेल संपला तरी कान झाकलेला राहतो, फक्त बाहेरचं ऐकू येत नाही. आणि एकदा रात्री तो घालून घरात फिरून बघा, कारण आवाज कुठल्या बाजूनं आला हे त्यातून थोडं फसवं लागतं. ते पहिल्यांदा कळायची वेळ ती रात्र नसावी.

आता मला पोटतिडकीनं सांगायचं आहे ते हे. दिंडोरीच्या भाऊंनी स्वतःच्या कानांचं विचारलं. घरात किती माणसं आहेत, विचारल्यावर ते म्हणाले सात, त्यात मुलं दोन. मग मफ सात हवेत, आणि मुलांचे मुलांच्या मापाचे. मोठ्या मापाचा मफ लहान डोक्यावर सैल बसतो आणि काही अडवत नाही. घोडा ओढणाऱ्यानं निदान ठरवून ओढलेला असतो, अंग सावरलेलं असतं. मागे उभ्या असलेल्यांना कोणी विचारलेलं नसतं. मी अण्णांना कधी दोष दिला नाही, देणारही नाही. ते आमच्यासाठीच उभे होते. पण माझ्या आलेखातला खड्डा त्या खोलीतला आहे. म्हणून आजच ठरवा, कुत्रं भुंकलं की बायकामुलांनी कुठल्या खोलीत जायचं. सगळ्यात आतली, मध्ये दोन दारं बंद होतील अशी. तिथे त्यांचे मफ खुंटीला आणि एक फोन, ११२ लावायला. दोन बंद दारं आणि विटांची भिंत कुठल्याही बोळ्यापेक्षा जास्त अडवतात.

कापसानं काही होत नाही. बोटं घालणं त्यापेक्षा बरं, पण बंदूक धरलेल्याला हात कुठून आणायचे? काही जण सांगतात, "मी झाडली तेव्हा आवाजच आला नाही, म्हणजे काही झालं नाही." भीतीत मन आवाज टाकून देतं हे खरं आहे, माझंही तेच झालं. पण टाकतो तो मेंदू. कानातल्या पेशींना फटका पूर्ण बसलेला असतो.

बार निघून गेलाच आणि कानात शिटी वाजतेय, दडे बसलेत, तर तेल घालू नका. आजीनं मायेनं घातलं, पण पडदा फाटला असेल तर तेल सरळ आत जातं. पाणीही जाऊ देऊ नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा, फार तर दुसऱ्या. फाटलेला पडदा बहुतेक वेळा काही आठवड्यांत भरून येतो. आतल्या कानाला इजा असेल तर डॉक्टर स्टेरॉइड देऊन बघतात, आणि ते लवकर दिलं तरच आशा असते. महिनाभरानं आलेल्या माणसाला मी फक्त आलेख दाखवू शकते.

सायलेन्सरचंही विचारतात, अमेरिकेतले व्हिडिओ बघून. तिथे बऱ्याच राज्यांत तो कायद्यानं विकत घेता येतो. आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला मिळत नाही, विषय संपला.

बिबट्यासाठी बार काढावा का, हेही निफाड-सिन्नरकडून येतं. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा बंदुकीचा विचार आधी सोडा. दार लावा, दिवे लावा, वनखात्याच्या १९२६ वर फोन करा. माणसांच्या बाबतीत कायदा वकिलांना विचारा. मला माहीत आहे ते इतकंच, की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, आणि बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायला तो हक्क पुरत नाही.

दिंडोरीच्या भाऊंना मी एवढं सगळं दारात उभ्या उभ्या सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या गुरुवारी आईचं यंत्र जुळवायला येणार आहे. मी म्हटलं, मग मुलांनाही घेऊन या. दोघांचे ऑडिओग्राम काढून ठेवू, एका मुलाला वीस मिनिटं लागतात. आज कान कसे आहेत ते कागदावर असलं, तर उद्या काय गेलं ते सांगता येईल.