काट्याच्या सर्व्हरचे अलर्ट वेळेनुसार कसे लावायचे

कापसाच्या हंगामात जिनिंगवरचा गाड्या वजन करायचा काटा सकाळी नऊला सुरू होतो. दिवसा काट्याचा सर्व्हर दहा मिनिटं बंद पडला तरी गेटबाहेर गाड्यांची रांग लागते. रात्री अकराला पडला तर सकाळपर्यंत कुणाचं काही अडत नाही. दोन्ही वेळी फोन सारखाच वाजू लागला की माणसं फोनच सायलेंटवर टाकतात, आणि मग दिवसाचा खरा अलर्टही कुणी पाहत नाही.

सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोमिथियस या सॉफ्टवेअरमध्ये अलर्ट कधी द्यायचा याचे नियम लिहितात. त्या नियमातच वेळ घालायची तर साडेपाच तासांचा घोळ होतो. तिथलं ‘अवर’ हे फंक्शन यूटीसीचा (म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेचा) तास देतं, तोही पूर्ण. ३ ते १२ लिहिलं की आपल्याकडे साडेआठ ते साडेपाच होतं. म्हणून आधी ‘टाइम’मध्ये (सेकंदांत मोजलेली आत्ताची वेळ) १९८०० सेकंद मिळवायचे, मग तास काढायचा. शिवाय ही अट ‘अँड’ने जोडताना पुढे रिकाम्या कंसाचं ‘ऑन’ लागतंच. ते राहिलं तर दोन्ही बाजूंची लेबलं (मोजमाप कुठल्या सर्व्हरचं वगैरे सांगणाऱ्या खुणा) जुळत नाहीत, नियम कधीच पेटत नाही आणि एररही दिसत नाही.

त्यापेक्षा नियम चोवीस तास चालू द्यावा आणि वेळ अलर्टमॅनेजरमध्ये, म्हणजे अलर्टचे मेसेज पाठवणाऱ्या जोडीच्या प्रोग्राममध्ये, बांधावी. रात्री काय झालं याची नोंद त्यामुळे राहते. ‘टाइम इंटरव्हल’मध्ये लोकेशन ‘एशिया/कोलकाता’ टाकायचं. न टाकल्यास तिथेही यूटीसीच. रात्री दहा ते सकाळी सहा एका ओळीत चालत नाही: २२:०० ते २४:०० आणि ००:०० ते ०६:०० असे दोन तुकडे करावे लागतात. महिन्यांचंही तसंच. कापसाचा हंगाम नवीन वर्ष ओलांडतो, म्हणून नोव्हेंबर ते डिसेंबर वेगळं, जानेवारी ते मार्च वेगळं.

या वेळांत मेसेज थांबवायचे, म्हणजे म्यूट, ते रूटवर (कुठला अलर्ट कुणाकडे जायचा ती वाट) लावतात. म्यूट मुख्य रूटवर लावता येत नाही, पोटरूटवरच लावा. यूपीएसची बॅटरी उतरल्याचा अलर्ट मात्र कधीच म्यूट करू नका. त्याचा रूट वेगळा ठेवा. वीज रात्रीही जाते, आणि बॅटरी संपून सर्व्हर धाडकन बंद झाला तर डेटाबेस बिघडू शकतो.

म्यूट संपल्यावरही बिघाड तसाच असेल तर सहानंतर मेसेज येतो. मधेच सुटला असेल तर येत नाही.

बदल केल्यावर ‘अ‍ॅमटूल चेक-कॉन्फिग’ ही सेटिंगची फाइल तपासणारी कमांड चालवा. मग म्यूटची वेळ आत्तापासून पाच मिनिटांची ठेवून एक चाचणी-अलर्ट सोडा आणि फोन हातात घेऊन बसा.