वाळ्याला गुळाचा वास

"मॅडम, हे अत्तर नासलंय. ऑफिसात मला रोज विचारतात, साहेब डब्यात शंकरपाळे आणलेत का?"

जुलैतला मंगळवार, सकाळचे साडेअकरा, बाहेर जांभळी नाक्यावर पाऊस थांबून नुसता उकाडा, आणि समोर अठ्ठावन्न-साठचे काका. हातात आमची सहा मिलीची वाळ्याची बाटली आणि बिल, तेही नीट जपून ठेवलेलं. म्हटलं बँकेतले असणार, आणि निघाले बँकेतलेच. लग्नाच्या वाढदिवसाला काकूंनी घेऊन दिलेलं अत्तर, दोन आठवडे वापरलं आणि ही तक्रार.

मी आधी आठ वर्षं रबाळ्याला एका फ्रॅग्रन्स कंपनीच्या लॅबमध्ये होते. काम काय, तर वास घ्यायचा. साबणाचा, अगरबत्तीचा, फिनाईलचा नवा वास तयार झाला की तो आधी कागदाच्या पट्टीवर आणि मग हातावर घेऊन दर थोड्या वेळाने नाक लावायचं आणि वहीत लिहायचं. डब्यात लसूण चालायचा नाही, डोक्याला वासाचं तेल चालायचं नाही, सर्दी झाली तर त्या दिवशी नुसत्या बाटल्या धुवायच्या. लोकांना वाटतं फार ग्लॅमरस काम आहे. फिनाईल आहे हो, ग्लॅमर कसलं. ते सुटलं, आता चार वर्षं ठाण्यात अत्तराच्या दुकानात काउंटरला आहे.

"दुकानात वेगळं होतं, घरी वेगळं झालं" ही तक्रार आठवड्यातून दोनदा तरी येतेच. शेठचं त्यावर ठरलेलं उत्तर असतं, "स्किन-स्किनचा फरक आहे." ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे गिऱ्हाईकाची घाई. बाटलीचं झाकण उघडल्यावर जो उठाव येतो, लिंबासारखा, संत्र्याच्या सालीसारखा, तो हलक्या रेणूंचा असतो आणि अंगाच्या उबेने पंधरा-वीस मिनिटांत उडून जातो, मग फुलं येतात, आणि सगळ्यात शेवटी जे जड असतं ते राहतं, वाळा, चंदन, मस्क वगैरे, ते तासन् तास बसून. म्हणजे तुम्ही घेता एक आणि दिवसभर अंगावर वागवता दुसरंच. पण लोक दहा सेकंदांत ठरवतात, वर दोन्ही मनगटं एकमेकांवर खसाखसा घासतात. आणि काउंटरवर ती कॉफीच्या बियांची वाटी ठेवलीय ना, ती शोभेची आहे. नाक थकलं की स्वतःच्या बाहीचा वास घ्या नाहीतर बाहेर जाऊन उभे राहा, कॉफीने नाकात तिसरा वास जातो, बाकी काही होत नाही. शेठला हे सांगून झालंय.

आमच्या वाळ्याबद्दलही खरं सांगते. अस्सल रूह खस म्हणजे नुसत्या वाळ्याच्या मुळ्यांचा अर्क. कनौजकडे तांब्याच्या डेगमधून, म्हणजे अर्क काढायच्या मोठ्या भांड्यातून, काढतात तेव्हा त्या तांब्यामुळेच त्याला हिरवट रंग येतो. ते साडेचारशे रुपयांत सहा मिली मिळणं शक्यच नाही. आमच्यात थोडा वाळा, थोडा लिंबाचा उठाव, खाली सिंथेटिक मस्क आणि बाकी बेस. हिरवा रंगही वरून घातलेला. वास चांगला आहे, माझी काही तक्रार नाही, फक्त शेठने लेबलवर "असली" छापून घेतलंय त्यावर मी आता बोलणं सोडलंय.

तर काका. शेठ डोळ्यांनी खुणावत होता की बाटली बदलून दे आणि वाटेला लाव. पण अत्तर असं नासत नाही, निदान दोन आठवड्यांत तर नाहीच, आणि शंकरपाळे हा शब्द माझ्या डोक्यात अडकला. काकांना विचारलं तासभर आहे का, तर म्हणाले आज रजाच टाकलीय.

त्यांच्या बाटलीतलं एका पट्टीवर आणि आमच्या मोठ्या बाटलीतलं दुसऱ्या पट्टीवर घेतलं, दोन्ही एकसारखे. मग त्यांच्याच बाटलीतला एकेक थेंब माझ्या, दुकानातल्या पोराच्या आणि काकांच्या डाव्या हाताला लावला, कोपराच्या आतल्या बाजूला. मनगटावर मी कधीच टेस्ट करत नाही, तिथे घड्याळाचा पट्टा, साबण, लोकलचा दांडा, सगळं असतं. काकांना मुद्दाम पंख्यापासून लांब स्टुलावर बसवलं, कारण घाम यायला हवा होता. कागदाच्या पट्टीला ना ऊब असते ना तेल ना घाम, तिच्यावर अत्तर फक्त उडतं, म्हणून पट्टीवर निर्दोष निघालं याला तसा काही अर्थ नसतो.

बाराला लावलं. पहिली दहा मिनिटं तिघांकडे तेच लिंबू. बारा वीसला लिंबू गेलं आणि मुळांचा तो थंड, मातकट वास वर आला. पोराने सकाळी हाताला खोबरेल चोपडलेलं, त्याच्याकडे अत्तर धरून राहिलेलं, माझी कातडी कोरडी, माझ्याकडे फिकं पडत चाललेलं. इथपर्यंत सगळं नेहमीचं. पावणेएकला काकांच्या हाताला नाक लावलं आणि अहो, खरंच गूळ! चिक्कीचा पाक करपायच्या जरासा आधी जसा येतो तस्सा, आणि त्याच्या मागे काहीतरी कडवट, पाल्यासारखं. ओळखीचं होतं पण नाव सुचेना.

मग म्हटलं, काका उजवा हात द्या. उजव्याला काहीच लावलेलं नव्हतं. कोपराच्या खळगीत घाम साचलेला, तिथे नाक नेलं, तर तोच वास, फिका पण तोच. लॅबमध्ये लोकांच्या हातांना, प्रसंगी बगलेलाही नाक लावावं लागतं, कोणाला काही वाटत नाही. दुकानात मात्र मोगरा बघायला आलेल्या दोन बायका माझ्याकडे अशा काही बघत होत्या की बस.

पण अत्तर सुटलं होतं. वास काकांचा होता.

आणि मग आठवलं. लॅबमध्ये आमच्या सीनिअर मॅडम एक किस्सा नेहमी सांगायच्या. २००५ पासून न्यूयॉर्कमध्ये मधूनच अख्ख्या वस्त्यांना मेपल सिरपचा, म्हणजे तिकडच्या झाडाच्या रसाच्या गोड पाकाचा, वास यायचा, लोक घाबरून फोन करायचे, आणि २००९ मध्ये शोध लागला की नदीपलीकडे न्यू जर्सीत एका कारखान्यात मेथीदाण्यावर प्रक्रिया होते, वारा तिकडून असला की वास शहरात. मेथीतला तो पदार्थ म्हणजे सोटोलोन, अगदी किंचित असला तरी नाकाला कळतो, कमी असेल तर पाकासारखा लागतो, जास्त असेल तर मेथीच.

"काका, मेथी खाता का हो?"

"भाजी ना? आवडते."

"भाजी नाही, दाणे."

"हां, ते रोज. शुगर निघाली ना होळीच्या सुमारास, तेव्हापासून रात्री दोन चमचे भिजवायचे, सकाळी दाणे चावून खायचे आणि पाणी प्यायचं. एक दिवस चुकवत नाही."

मेथी खाल्ली की घामाला असा वास येतो हे मी वाचलेलं होतं, समोर पहिल्यांदा बघत होते. काकांना स्वतःला येत नव्हता कारण नाक स्वतःच्या अंगाच्या वासाला सरावतं. आणि अत्तर लावण्याआधी ऑफिसात कोणाच्या लक्षात का आलं नाही, तर माझ्या मते नुसता तो फिका वास कोणी पकडला नसता, पण वाळ्याच्या मातकटपणाला हे गोड चिकटल्यावर मिळून तिसरंच काहीतरी तयार झालं. मी एवढी खूश झाले की विचारू नका. आणि त्या खुशीत बोलून गेले, "आठ दिवस मेथी बंद करून बघा, अत्तर आपोआप सुधारेल."

शेठला गंमत वाटली. बाटली बदलावी लागली नाही हे त्याला जास्त महत्त्वाचं.

दहा दिवसांनी काका परत आले, या वेळी काकू सोबत. काका खूश, शंकरपाळे बंद झालेले. काकू आत आल्या त्याच मुळी "मेथी बंद करा सांगणाऱ्या डॉक्टर तुम्हीच का?" असं म्हणत. मी गप्प. काय बोलणार, मी अत्तर विकते. गोळ्या चालू ठेवा एवढंही म्हटलं नव्हतं मी, त्यांनी आपणहून चालू ठेवल्या म्हणून बरं. काकू म्हणाल्या साखर काय झालीय ते आता पुढच्या रिपोर्टला कळेल, आणि कळलं की सांगायला येते. तोवर मेथी परत सुरू, अत्तर बंद.

हे इथे संपलं असतं तर मी लिहायला बसले नसते. पण निघताना काकूंनी आपला हात पुढे केला. "आणि हे बघा, मीपण यांच्यासोबत तेवढीच मेथी खाते, रोज, यांनी थांबवली तरी मी नाही थांबवली. मला लावा बरं तुमचा वाळा." लावला. पाऊण तास बसल्या, मोगऱ्याचं एक रोल-ऑन घेतलं, शेठशी भाव केला. पाऊण तासाने वास घेतला तर स्वच्छ वाळा. दुसऱ्या हाताला नुसता साबण. तोच तांब्या, तेच दाणे, दुकानात तोच उकाडा.

मग काकांचं काय होतं? मेथीच असेल तर काकूंना का नाही? घाम कमी येतो म्हणून? की काकांची बाकी कसली गोळी? की त्या दहा दिवसांत पाऊस लागून राहिला, हवा थंड झाली, काकांना घामच आला नाही आणि मेथीने उगाच मार खाल्ला? लॅबमध्ये असते तर दहा माणसं बसवली असती, इथे माझ्याकडे मीच आहे. म्हणून मी दोन चमचे भिजवायला सुरुवात केली.

आज पाचवा दिवस. सकाळी डाव्या कोपराला वाळा लावला आणि दर अर्ध्या तासाने मुलीपुढे हात धरतेय. ती म्हणते वाळाच येतोय आई, आता पुरे. संध्याकाळी मात्र बाथरूममधून ओरडली, "आई, इथे पाक कोणी केलाय?"