तुम्ही विचारलंत म्हणून : प्रबंधाशेजारचे काम

गेली काही वर्षे एकच प्रश्न मला दोन बाजूंनी विचारला जातो. सहकारी म्हणतात, "मॅडम, पीएचडीच्या विद्यार्थ्याकडून प्रबंध पूर्ण करून घेणे एवढेच गाईडचे काम. त्याला बायोडेटा लिहायला, वर्गावर बोलायला, हिशेब ठेवायला शिकवण्यात तुम्ही वेळ का घालवता?" विद्यार्थ्यांच्या घरची माणसे तेच दुसऱ्या शब्दांत विचारतात, "एवढी वर्षे शिकून नोकरी लागणार ना?"

मी भूगोल शिकवते. माझा पहिला संशोधक विद्यार्थी आला तेव्हा माझेही मत सहकाऱ्यांसारखेच होते. त्याचा प्रबंध चांगला झाला, व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी कौतुक केले, विभागात पेढे वाटले गेले आणि त्यानंतर तो नऊ वर्षे तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत शिकवत राहिला. तासिका तत्त्वाचा व्यवहार ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात, सुट्टीत काहीच मिळत नाही, आणि जे मिळायचे तेही त्याला कित्येकदा काही महिने उशिराने मिळे. प्राध्यापकांच्या कायम जागा निघाल्या नाहीत यात माझा दोष नव्हता. पण त्या निघण्याची चिन्हे नाहीत हे दिसत असताना पाच वर्षांत मी एकदाही त्याच्याशी त्याविषयी बोलले नाही, हा दोष माझाच.

पीएचडी म्हणजे प्राध्यापकी हे समीकरण आता नियमांनीही सैल केले आहे. विद्यापीठाच्या विभागांत सहायक प्राध्यापक होण्यासाठी पीएचडी अनिवार्य करण्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) २०१८च्या नियमावलीत ठरले होते. ती अट आधी पुढे ढकलली गेली आणि जुलै २०२३पासून नेट, सेट किंवा स्लेट यांपैकी एक पात्रता परीक्षा उत्तीर्ण असणे हीच किमान पात्रता राहिली. जेआरएफची, म्हणजे संशोधकांना मिळणाऱ्या कनिष्ठ पाठ्यवृत्तीची, रक्कम १ जानेवारी २०२३पासून दरमहा ३७,००० रुपये झाली हे चांगलेच झाले, परंतु ही पाठ्यवृत्ती पाच वर्षांनी थांबते, आणि तोवर माझे बहुतेक विद्यार्थी तिशीच्या पुढे गेलेले असतात.

माझे मत मात्र नियमांमुळे बदलले नाही, ते एका बायोडेटामुळे बदलले. सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातील विहिरींच्या पाणीपातळीवर काम करणारी एक विद्यार्थिनी प्रबंध सादर करण्याच्या आठ महिने आधी तो घेऊन आली. पाणलोट विकासाचे काम करणाऱ्या एका संस्थेत तिला अर्ज करायचा होता. चौदा पाने होती. पहिल्या पानावर जन्मतारीख, जात आणि वडिलांचा व्यवसाय, पुढची अकरा पाने चर्चासत्रांच्या प्रमाणपत्रांची यादी, आणि संगणकज्ञान या सदराखाली एकच नोंद: एमएस-सीआयटी. जिने दोन वर्षे क्यूजीआयएस या संगणकप्रणालीवर नकाशे तयार केले होते, तिने स्वतःबद्दल एवढेच लिहिले होते.

मी ती पाने बाजूला ठेवली आणि विचारले, "मे महिन्यात विहिरीवर गेल्यावर तू नेमके काय करायचीस?" ती सांगू लागली. ६४ विहिरी, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, अशी तीन वर्षे, म्हणजे ३८४ नोंदी. सुरुवातीला विहीरमालक टेप आत सोडू देत नसत, कारण पाणी मोजायला आलेले माणूस पुढे काहीतरी वसुली घेऊन येणार अशी धास्ती. म्हणून ती आधी घरातल्या बायकांशी बोलायची आणि दुसऱ्या वर्षापासून प्रत्येकाला त्याच्या विहिरीचा मागचा आकडा कागदावर लिहून द्यायची. प्रश्नावलीतला 'भूजल पुनर्भरण' हा शब्द कोणालाच कळेना, तेव्हा ती 'पाऊस झाल्यावर विहिरीला किती दिवसांनी पाणी येते' असे विचारू लागली. दोन मदतनीस मुलांचा प्रवासखर्च तिने पावत्यांसह सांभाळला होता. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदींशी आपले आकडे ताडून पाहिले होते आणि जे जुळत नव्हते ते का जुळत नाहीत याचाही छडा लावला होता.

मी नुसती लिहून घेत होते. अंधार पडेपर्यंत दोन पाने भरली आणि त्यांत एकही प्रमाणपत्र नव्हते. हे सारे तिला येत होते, पण हेही एक कौशल्य आहे हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. तिच्या लेखी ते प्रबंधाचे तिसरे प्रकरण होते, संशोधन पद्धती. ती नोकरी तिला मिळाली नाही, हेही सांगायला हवे. पाच महिन्यांनी दुसरी मिळाली, गावांची जलअंदाजपत्रके, म्हणजे गावात किती पाणी येते आणि किती लागते याचे हिशेब, तयार करण्याची.

तेव्हापासून हे काम मी शेवटच्या आठ महिन्यांवर ठेवत नाही. संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या सल्लागार समितीपुढे विद्यार्थ्याला दर सत्रात सादरीकरण करावेच लागते. त्याच्या आदल्या आठवड्यात माझे विद्यार्थी त्या सहा महिन्यांत काय करायला शिकलो हे अर्ध्या पानात लिहून आणतात. वाचलेल्या पुस्तकांची नावे त्यात चालत नाहीत. यूजीसीच्या २०२२च्या नियमावलीने अध्यापनाचे व लेखनाचे प्रशिक्षण प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला आवश्यक मानले आहे आणि आठवड्याला चार ते सहा तास अध्यापन किंवा संशोधनसाहाय्याचे काम देण्याची मुभाही ठेवली आहे. तरतूद उत्तम आहे. फक्त गाईडचे तास उरकणे आणि चाचणीचे पेपर तपासणे एवढाच तिचा अर्थ होऊ नये. मी तास देते आणि मागच्या बाकावर जाऊन बसते. नंतर चहा घेताना जे बोलणे होते, त्यातले थोडे दोघांनाही बोचते.

शिवाय तीन मिनिटांत प्रबंध सांगण्याचा सराव असतो. ही पद्धत २००८ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात सुरू झाली. तेव्हा तिकडे दुष्काळ होता, लोक न्हाणीघरात तीन मिनिटांचे घड्याळ लावून आंघोळ उरकत, आणि त्यावरूनच ही कल्पना सुचली. दुष्काळातून आलेली रीत माणच्या विद्यार्थिनीला लगेच पटली, यात नवल नाही.

यात प्रबंध लांबतो हा सहकाऱ्यांचा आक्षेप अगदीच खोटा नाही. एका विद्यार्थ्याला शिकवण्याची इतकी गोडी लागली की त्याचे एक पूर्ण सत्र लिखाणावाचून गेले, आणि पीएचडीची सहा वर्षांची मुदत डोळ्यांसमोर असताना ते परवडणारे नव्हते. त्याला वेळेत आवरले नाही, ही चूक माझी. आता वर्गावरचे तास सोडून या बाकीच्या कामांना महिन्यातले दोन दिवस, त्यापुढे नाही.

आई-वडिलांना मी नोकरी लागेलच असे सांगत नाही. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्याच्या देखत सांगते की प्राध्यापकी गृहीत धरू नका, इतर वाटा कोणत्या ते आपण पहिल्या वर्षापासून शोधू. मागच्या खेपेला हे ऐकून एका वडिलांनी मुलाकडे वळून विचारले, "मग कशाला करायची?" मुलाने मुलाखतीत आम्हाला जो विषय कसाबसा सांगितला होता, तोच त्याने वडिलांना आपल्या शेताचे उदाहरण देऊन नीट समजावला. तीन मिनिटे लागली असावीत. घड्याळ लावायचे माझ्या लक्षात राहिले नाही. वडिलांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले, दोन शंका विचारल्या आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठले.