वाकून बघावं असं काही नाही

आपल्याकडे गॅस 'बारीक' असतो किंवा 'मोठा', आणि तो नक्की किती बारीक झाला हे वाकून बघायचं असतं. पातेल्याच्या बुडाशी निळी ज्योत किती डोकावते यावर दूध, भात, शिरा सगळं ठरतं. विजेच्या इंडक्शन शेगडीसमोर ही वाकायची सवय फुकट जाते. काचेवर नुसता वॉटचा आकडा: ४००, ८००, १६००. आच म्हणून बघायला काही नाहीच.

काचेखाली तांब्याच्या तारेचं चपटं वेटोळं असतं. त्यातल्या विजेची दिशा सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा बदलते आणि त्या चुंबकी हेलकाव्यांनी पातेल्याचं बूडच तापतं. काच तापते ती नंतर, पातेल्यामुळे. म्हणून भांडं चुंबकाला धरणारं हवं. फ्रिजवरचं एखादं चुंबक काढून बुडाला लावावं. घट्ट चिकटलं तर चालेल, निसटलं तर नाही. पितळेचं पातेलं, तांब्याचा हंडा, हिंडालियमची कढई बाद. स्टीलमध्येही फसगत असते: निकेल जास्त असलेलं चकचकीत महाग स्टील चुंबकाला ओळख देत नाही, आणि साधं स्वस्त पातेलं पटकन चिकटतं.

खरा घोटाळा फोडणीच्या पळीचा. तिचं बूड जेमतेम सात-आठ सेंटिमीटर; बहुतेक शेगड्यांना बारा सेंटिमीटरपेक्षा लहान बूड दिसतच नाही. शेगडी टूं-टूं करत राहते आणि मोहरी कोरडीच. तेव्हा वरणावर वरून फोडणी ओतायची असेल तर छोटं सपाट पॅन घ्यावं, आणि मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता आधी हाताशी काढून ठेवावं. गॅसवर तेल ठेवून मग डबा शोधायला जाता येतं. इथे १६०० वर दोन चमचे तेल डबा उघडेपर्यंत धुरावतं. फोडणीला ८०० पुरे.

पाण्याच्या बाबतीत मात्र या शेगडीला तोड नाही. लिटरभर पाणी २५ अंशांवरून उकळायला १५०० वॉटवर चारेक मिनिटं लागतात, वीज जाते साधारण एक दशांश युनिट. कुकरची शिटीही लवकर येते, आणि तिथेच जुना हिशोब चुकतो. पहिल्या शिटीनंतर आकडा ४०० वर आणावा आणि पुढे शिट्या न मोजता मिनिटं मोजावीत. नाहीतर पाच शिट्या भराभर होतात आणि डाळ कच्चीच.

दुधाचं गणित वेगळं. कित्येक शेगड्यांत ४०० म्हणजे सलग मंद आच नसते. शेगडी काही सेकंद जोरात तापते, मग गप्प बसते, पुन्हा तापते. पातळ बुडाच्या पातेल्यात त्या प्रत्येक झटक्याला दूध तळाला लागतं. जाड बुडाचं भांडं घ्यावं आणि दूध ओतण्याआधी ते पाण्याने विसळावं.

भाकरीचं दुःख तर मापातच आहे. वेटोळं सोळा-अठरा सेंटिमीटरचं, तवा अठ्ठावीसचा. मधोमध काळा डाग पडतो, कडा पांढुरक्या राहतात. तवा आधी ६०० वर पाचेक मिनिटं तापू द्यावा, मग भाकरी फिरवत फिरवत भाजावी. बरी होते, फुगतेही, पण ज्योतीवर टाकून फुगवण्याची मजा नाही. पापड आणि भरताचं वांगं यांच्यासाठी एक बर्नर राखून ठेवलेला बरा.

आता जोडणी. २००० वॉटची शेगडी साधारण पावणेनऊ अँपिअर ओढते. टीव्हीच्या, मोबाइलच्या सहा अँपिअरच्या पॉइंटवर ती लावली की आठवड्याभरात प्लग कोमट लागतो, मग पिवळा पडतो, मग वास येतो. सोळा अँपिअरचा पॉवर पॉइंट, किमान अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारं बटण) आणि खरं अर्थिंग, एवढं हवंच. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. भांड्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर शेगडीला दोष देण्याआधी अर्थिंग तपासून घ्यावं.

ओट्यात बसवायचा हॉब ही निराळी गोष्ट. चार झोनचा, म्हणजे चार भांडी ठेवायच्या जागांचा हॉब सगळे झोन चालू असताना सात किलोवॉटच्या वर जातो. त्याला स्वतंत्र लाइन लागते. ग्रॅनाइट कापण्याआधी हॉब प्रत्यक्ष हातात असावा, खोक्यातल्या मापानेच भोक पाडावं आणि आतले कोपरे गोल ठेवावेत, कारण टोकदार कोपऱ्यातून दगडाला तडा जातो. सिलिकॉनने चिकटवून टाकू नये, सोबतची फोमची पट्टी पुरते. उद्या दुरुस्तीला तो वर काढावा लागतो.

सुटी शेगडी असेल तर तिच्याखाली वर्तमानपत्र किंवा प्लॅस्टिकचा टेबलक्लॉथ घालू नये. हवा खालून ओढली जाते. कागद पंख्याला चिकटला की आतलं सर्किट तापतं आणि शेगडी मध्येच बंद पडते. भिंतीपासून दहा सेंटिमीटर दूर ठेवावी. आतल्या उबेला झुरळं येतात, हे कुठल्याही माहितीपुस्तिकेत नसलं तरी दुरुस्तीवाल्याला पक्कं ठाऊक असतं.

काचेवर गूळ किंवा पाक सांडला तर तो कोमट असतानाच ओल्या फडक्याने काढावा. गार होऊन घट्ट बसला की काचेचा टवका घेऊनच निघतो. आणि स्वयंपाक झाल्यावर भिंतीवरचं बटण लगेच बंद करू नये. आतला पंखा अजून मिनिटभर गुणगुणत असतो.