एक मे, झेंडावंदन आणि माझं अपील

"मार्क पुरले नाही का?" बाबांनी फोनवर विचारलं.

"पुरले."

"मंग काहून नाही घेतलं?"

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली ही गोष्ट. दारव्ह्याच्या पुढे आमचं गाव, उन्हाचा पारा चव्वेचाळीसला टेकलेला, मागे कूलरची घरघर. इकडे कॅलिफोर्नियात मी स्वेटर घालून बसले होते आणि बाबांच्या त्या साध्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रवेश नाकारणाऱ्या विद्यापीठाच्या पत्रातही नव्हतं. अर्ज सर्व बाजूंनी तपासला, जागा मर्यादित आहेत, पुढील वाटचालीस शुभेच्छा. संपलं पत्र.

जुन्या वाचकांना माहीतच आहे, तरी नव्यांसाठी थोडक्यात सांगते. बीएस्सीची दोन वर्षं तालुक्याच्या कॉलेजात केली, सीबीझेड घेऊन, म्हणजे रसायन, वनस्पती आणि प्राणिशास्त्र. मग लग्न, मग नवऱ्याची बदली, मग इकडे. तिसरं वर्ष राहिलं ते राहिलंच. लोक म्हणतात "सोडलं". मी सोडलं नाही, राहिलं. पोरगी शाळेत जायला लागल्यावर इथल्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. राज्यातल्या रहिवाशाला युनिटमागे ४६ डॉलर फी; युनिट म्हणजे विषय केवढा ते मोजायचं इथलं माप. कुणी गॅप सर्टिफिकेट मागितलं नाही, स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र नाही, "इतकी वर्षं काय करत होत्या" असं खिडकीमागून कुणी विचारलं नाही. पहिली दोन वर्षं इथं करायची आणि तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात ट्रान्सफर घ्यायची, ही इथली रुळलेली वाट आहे. १९६० च्या उच्च शिक्षणाच्या मास्टर प्लॅनपासून राज्याने ती मुद्दाम आखून ठेवली आहे. याचं कौतुक मी आधीही केलंय, आजही करते.

पण कौतुक संपवून मुद्द्यावर येते, कारण दोन महिने माझ्या डोक्यात दुसरं काहीच नाही.

आपल्याकडे सीईटीनंतर कॅप राउंड लागतो तेव्हा कटऑफ छापून येतो. पर्सेंटाइलचे दशांशाच्या पुढचे आकडेसुद्धा. आपण कितीने हुकलो ते कळतं. रडायचं तर त्या आकड्यावर रडता येतं. पेपरात शंका असली तर उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवा, रिव्हॅल टाका. आपल्या विद्यापीठांना नावं ठेवण्यात मी कधी मागे राहिले नाही, पण झेरॉक्स ती देतात. इथं चारपैकी ३.८ जीपीए, म्हणजे सरासरी गुणांक, असलेल्या बाईला नाही म्हणतात आणि कशात कमी पडलं ते सांगत नाहीत.

आमच्या कॉलेजच्या काउन्सेलर बाईंकडे गेले. त्यांनी काही न बोलता 'असिस्ट'ची साइट उघडली. कॅलिफोर्नियातल्या कोणत्या कॉलेजचा कोणता विषय कोणत्या विद्यापीठात कशाच्या बदल्यात धरतात, ते सगळं तिथं मांडलेलं असतं. जीवशास्त्राच्या यादीत जनरल केमिस्ट्रीचे दोन भाग. माझ्या नावावर एक.

"दुसरा?" त्यांनी विचारलं.

"तो मी अमरावती विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात केलाय. अर्जात लिहिलंय की."

अर्जात लिहिणं बंधनकारकच असतं, कुठलंही कॉलेज लपवता येत नाही. पण असिस्टवर फक्त कॅलिफोर्नियाची कॉलेजं. बाहेरदेशच्या विषयाची जुळणी तिथं ठरलेली नसते. त्यामुळे अर्ज तपासणाऱ्याला माझ्या नावापुढे दिसली असणार एक रिकामी जागा. असणार म्हणते, कारण पक्कं कुणीच सांगितलं नाही.

आता खरं सांगायचं तर त्याच बाईंनी आदल्या वर्षी सांगितलं होतं, दुसरा भाग घेऊन टाक. मी घेतला नाही. लॅब संध्याकाळी सहा ते नऊ, पोरीला कोण सांभाळणार? हे एक कारण. दुसरं कारण असं की पहिल्या भागाच्या लॅबमध्ये शेजारची मुलं ब्युरेटची, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने सोडायच्या काचनळीची, चावी पूर्ण उघडून अख्खा फ्लास्क गडद गुलाबी करून ठेवायची. आणि मी एकेक थेंब सोडत त्या फिक्या, जेमतेम टिकणाऱ्या गुलाबीवर हात थांबवायची. आमच्या कॉलेजात नळाला पाणी नसायचं, डिस्टिल्ड वॉटर मोजून मिळायचं, तरी टायट्रेशन, म्हणजे हेच रंग बदलेपर्यंत थेंब मोजणं, असं शिकवलं होतं की हात विसरत नाही. मग तेच पुन्हा पैसे भरून कशाला शिकायचं? मला अजूनही हे चूक वाटत नाही. महाग पडलं, एवढंच.

अपील करायचं ठरवलं. हाताशी पंधरा-सोळा दिवस. पहिला मसुदा मी लिहिला तो थेट तहसीलदाराला लिहितात तसा: सविनय विनंती, शेतकरी कुटुंब, कोरडवाहू कापूस, लग्नामुळे खंडित शिक्षण, विनंतीस मान द्यावा. नवऱ्याने इंग्रजी तपासलं आणि तो बराच वेळ गप्प बसला. काउन्सेलर बाईंनी तीन चतुर्थांश मजकूर खोडला. अपील म्हणजे दुसऱ्यांदा दार वाजवणं नव्हे, म्हणाल्या. अर्जात नव्हती अशी नवीन आणि ठोस माहिती असेल तरच करायचं. जुनेच गुण, जुनंच दुःख, विद्यापीठ किती आवडतं, यातलं काहीच चालत नाही. त्यातही बहुतेक अपिलं फेटाळली जातात, हे त्यांनी तोंडावर सांगितलं.

नवीन आणि ठोस! या दोन शब्दांनी माझी झोप उडवली. कोरडवाहू कापूस यांना नवीन नाही वाटत? पत्रावर फोन नंबर नाही, भेटायला साहेब नाही, खिडकी नाही. आईने तर सुचवलं, "आमदाराचं पत्र आणू का बापा?" हसू नका, क्षणभर मलाही बरं वाटलं होतं ते. वशिला वाईटच, पण वशिल्याला निदान चेहरा असतो.

शेवटी सुचलं ते हे: जुन्या कॉलेजातून केमिस्ट्रीचा सविस्तर अभ्यासक्रम, प्रॅक्टिकलच्या यादीसकट, शिक्का मारून आणायचा. पण मे महिना, कॉलेजला सुट्ट्या. तेव्हा धाकट्या भावाने आठवण करून दिली, एक तारखेला झेंडावंदनाला सगळ्यांना यावंच लागते.

माझ्याकडे ३० एप्रिलची संध्याकाळ, तिकडे महाराष्ट्र दिन उजाडलेला. धाकटा मोटारसायकलवर पोचला तेव्हा राष्ट्रगीत चालू होतं. व्हिडिओ कॉल चालूच ठेवून तो सावधान उभा, म्हणून मला फक्त आभाळ आणि कडुनिंबाची फांदी दिसत होती. मी इकडे स्वयंपाकघरात उभी राहिले.

ऑफिसात तेच बाबू. टीसी काढताना ज्यांनी मला तीन चकरा मारायला लावल्या होत्या आणि ज्यांच्याबद्दल मी याच जागी बरंच वाकडं लिहिलंय, तेच. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला तिरंग्याचा बिल्ला. सुट्टी आहे म्हणाले असते तर संपलं होतं. त्यांनी अलमारी उघडली, धुळीचे गठ्ठे खाली घेतले, तोंडाला रुमाल बांधला. लाईन गेलेली, धाकट्याच्या मोबाईलच्या उजेडात पंचवीस मिनिटं शोधलं.

"कोणत्या साली होती ताई तुमची?"

सापडला. सायक्लोस्टाइलसारखी फिकी झेरॉक्स, कोपरा वाळवीने खाल्लेला. प्राचार्य अजून चहा घेत होते, सही मिळाली. शिक्का बाबूंनी प्रत्येक पानावर मारला, मागितला नव्हता तरी, आणि दर वेळी आधी पॅडवर हाऽऽ करून. पैसे घेतले नाहीत. "अमेरिकेत जाते म्हणे कागद, नीट दिसाले पाह्यजे," एवढंच.

अपील वेळेत गेलं. जूनमध्ये उत्तर आलं, तीन ओळींचं. नाही.

काउन्सेलर बाईंना आश्चर्य वाटलं नाही. तो अभ्यासक्रम आधीपासून होताच, आपण फक्त उशिरा दाखवला, म्हणाल्या. तर्काला बरोबर आहे. मला पटलं नाही.

दुसरीकडे एक प्रवेश मिळत होता, पण जायला दीड तास, पोरीच्या शाळेशी जमेना. तेव्हा आता पुन्हा पहिल्यापासून. यंदा हमीचा अर्जही भरणार. डेव्हिस, आयर्विन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ हे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे सहा कॅम्पस काही विषय सोडले तर कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना अटी पूर्ण केल्यास प्रवेशाची लेखी हमी देतात. त्याचा अर्ज सप्टेंबरात असतो, एकाच कॅम्पसला करता येतो. गेल्या वर्षी मी तो भरला नव्हता. हमी कशाला लागते, ३.८ आहे, असं वाटलं होतं.

आणि हो, केमिस्ट्रीचा दुसरा भाग उन्हाळी वर्गात घेतलाय. पाच युनिट, २३० डॉलर. पोरगी तेवढ्या वेळ शेजारच्या तेलुगू वहिनींकडे असते.

काल धाकट्याचा फोन होता. बाजारात बाबू भेटले होते म्हणे.

"ताई, थे विचारते, शिक्का कामी आला का?"

"पोचला म्हणून सांग."